ठाकुरवाडीचे तीन दगड

कर्जत,
१६ नोव्हेंबर १९४८

प्रिय दादा,

इगतपुरीच्या नव्या रेल्वे-गँगमध्ये रुळला असशील. तिकडे तुला भाकरी कोण करून घालतं, हे आई रोज मला विचारते, जणू मला इथून दिसतं.

आमच्या इतिहास मंडळाचं मागे लिहिलं होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात व्याख्यान, मग चहा-चिवडा, अधूनमधून सहल. बी.ए. झालेली आहे आणि अक्षर चांगलं आहे, म्हणून यंदा मला चिटणीस केलं. मला वाटत होतं, देश आता आपला झाला, तर गावोगाव काय घडलं ते आपणच लिहून ठेवायला हवं.

गेल्या महिन्यात सहल ठाकुरवाडीला नेली. तू तिथे इतकी वर्षं कामाला होतास, पण मी त्या स्टेशनावर पहिल्यांदाच उतरले. रुळांपासून थोडं वर तीन उभे दगड आहेत, चुन्याने पांढरे केलेले. तिसऱ्यावर एक लांब, टोकदार आकृती कोरली आहे. आमचे अध्यक्ष शरच्चंद्रराव, निवृत्त हेडमास्तर, चष्मा पुसून म्हणाले, "भाला! ही वीरांची स्मारकं. दोनशे वर्षांची तरी असणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टेपने त्या तिसऱ्याचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं, 'सव्वादोन फूट उंच. अज्ञात वीर.'

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट मला सोडीना. दोनशे वर्षांच्या दगडाला इतका ताजा चुना कोण लावतं? म्हणून परवा रविवारी मी एकटीच परत गेले. तिथे तुमच्या जुन्या गँगचे कोंडाजी मुकादम भेटले. त्यांना भाल्याचं विचारलं, तर हसता हसता त्यांना खोकलाच आला. "भाला कसला गं? पहार हाय ती! मीच कोरलीय. धड जमली नाय, म्हून तुमच्या मास्तरांना भाला वाटला आसंल."

खंडेनवमीला गँगवाले पहारी, फावडी, हातोडे पुजतात आणि त्याच दिवशी या दगडांना चुना देतात, असं त्यांनी सांगितलं. रुळांच्या या टप्प्यात काम करताना मेलेल्यांचे ते दगड. "ह्यो नवशा. ह्यो सदू." तिसऱ्याशी ते थांबले आणि माझ्याकडे नीट पाहू लागले. "नागूची पोर ना गं तू? ह्याला दरसाल तुजा दादाच चुना लावायचा. औंदा त्याची बदली झाली, म्हून मी लावला."

दादा, मी बाच्या दगडाचं माप घेतलं आणि त्याला अज्ञात म्हटलं.

काल शरच्चंद्ररावांना सगळं सांगितलं. म्हणाले, "वाईट झालं. पण अनसूयाबाई, हा काही इतिहास नव्हे. भाला राहू द्या, मी पुण्याच्या संशोधकांना कळवून बसलोय." मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, मग सभेत सहलीचा वृत्तान्त दुसरं कोणी वाचेल. शेजारच्या विमलबाई मला हळूच म्हणाल्या, "असू दे गं त्यांना भाला. छडी सुटल्यापासून हातात काहीतरी लागतंच त्यांना!" मला हसू आलं, पण मी ऐकणार नाही. अठ्ठावीस तारखेच्या सभेत मी उभी राहणार आणि पहारच वाचणार. चिटणीसपद गेलं तर गेलं.

पण वाचायचं तरी काय? वहीत नवशा आणि सदूबद्दल कोंडाजींनी सांगितलेलं पानभर झालंय. बाच्या नावापुढे कोरं आहे. तिथलं मी त्यांना विचारलंच नाही. ते तुझ्याकडूनच ऐकायचं आहे. मी तेव्हा दोन वर्षांची होते, तू नऊ वर्षांचा. त्या दिवशी भाकरी घेऊन तूच वर गेला होतास. आई "घाटात गेले" एवढंच म्हणते आणि उठून कामाला लागते. तालुक्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी प्रश्न विचारत फिरले. तुला एकदाही विचारलं नाही. तू चुना लावायला जायचास तेही कधी बोलला नाहीस, बहुतेक मी विचारीन म्हणूनच. आता विचारते. जमलं तर सुट्टी काढून ये. सभेत बोलू नको, मला एकटीला सांग. आणि वाचू नको म्हणालास तर नाही वाचणार. पण बा कसे गेले, दादा? आणि त्या सकाळी घरातून निघताना ते काय बोलले?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझीच अनू