ऑक्सिजन मशीनला बसवलेल्या दुसऱ्या व्हॉल्व्हबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वैद्यकीय उपकरण विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : मशीनचे सील तोडल्याचा खुलासा व तेच मशीन दुसऱ्या रुग्णास देण्याची विनंती.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची मला मिळालेली नोटीस.

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी आहे. माझ्या पत्नीची फुप्फुसे निकामी होत आल्याने आपल्या विभागाने तिला घरी वापरण्यास ऑक्सिजन मशीन दिले होते. मशीन जुने होते, पण तिला पुरत होते. हिवाळ्यात त्याचा व्हॉल्व्ह गेला. कंपनीकडे चौकशी केली असता सुटा व्हॉल्व्ह मिळत नाही, पूर्ण संचच घ्यावा लागेल, असे कळले. संचाची किंमत ऐकून मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच बसलो.

माझे साडू फ्रिज दुरुस्त करतात. त्यांनी भंगारातील दुसऱ्या कंपनीच्या मशीनमधून त्याच मापाचा व्हॉल्व्ह काढून आणला व साफ करून बसवला. डॉक्टरांनी घरी येऊन तपासले आणि प्राणवायू व्यवस्थित मिळत असल्याचे सांगितले. पत्नी पुन्हा उशीला टेकून माझ्या कामातली काजे-बटणे करू लागली.

पुढे आपले तपासनीस आले. भाग कंपनीचा नाही म्हणून त्यांनी मशीन बंद केले आणि बटणावर तार बांधून सील लावले. मी म्हटले, "साहेब, ती समोर बसली आहे, जरा बघा तरी." ते म्हणाले, "मला मशीन तपासायला पाठवलंय हो." त्यांचा स्वर वाईट नव्हता, हेही नमूद करतो.

मी आपल्याकडे अर्ज केला. कंपनीचाच भाग बसवावा, असे उत्तर आले. कंपनीने तर मॉडेल बंद झाल्याने आता संचही मिळणार नाही असे कळवले. ते मी आपणांस लेखी कळवले; उत्तर आले नाही. तोवर पत्नीचे ओठ निळे पडू लागले होते. ती म्हणाली, "सरकारी तार आहे, उगाच अडकाल." मी कापडाच्या कात्रीने तार कापली. मशीन लगेच सुरू झाले आणि तिला झोप लागली.

सील तोडल्याचे मीच कार्यालयात येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी आपली गाडी मशीन घेऊन गेली. पत्नीला मी रिक्षाने रुग्णालयात आणले. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. बाहेरच्या बाकावर, माझ्या खांद्याला टेकूनच ती गेली.

नोटिशीत मूळ व्हॉल्व्ह जमा करण्यास सांगितले आहे. तो सोबत जोडला आहे. शिक्षा व्हायची ती मला व्हावी, साडूंना यात ओढू नये. त्यांनी माझ्या शब्दाखातर काम केले.

विनंती अशी, की आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना हाच आजार आहे. मशीनसाठी त्यांनी आपल्याकडे नाव नोंदवले आहे. आमचे मशीन आपल्या गोदामात पडून आहे, आणि ते चालते. आतला व्हॉल्व्ह न काढता ते बाईंना द्यावे. काही झाल्यास जबाबदारी माझी, असे लिहून देण्यास मी तयार आहे.

आज सकाळी बाई मला भेटायला वर येत होत्या. निम्म्या जिन्यातूनच परत फिरल्या. तरी निर्णय लवकर व्हावा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार शिंपी
दि. ९ मार्च

सोबत : १) पत्नीच्या मृत्यूचा दाखला. २) मूळ व्हॉल्व्ह, निकामी.