उणे सात रांगा

१२ जानेवारी
‘अ अधिक ब, कंसाचा वर्ग — बरोबर — अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग!’ साऱ्या वर्गाचा एक सूर, आणि टेबलावर रावजी मास्तरांची छडी टक् टक्. सकाळी सुपारी सोलताना कुठून कानात आलं कोण जाणे. कवितेच्या तासाची चालच आम्ही बीजगणिताला लावली होती. मास्तर रागावले नाहीत. “चाल कसलीही लावा, चिन्ह चुकवू नका!”

गोदावरी त्याच वर्गात. शेवटचा ‘ब वर्ग’ सगळ्यांच्या आधी संपवायची. भारी आगाऊ वाटायची मला! पुढे माझ्याच घरात आली, तरी आरतीतही तिचं तेच. आता आरतीला मी एकटा. कुणी पुढे जात नाही.

हे सगळं आठवलं ते रचनामुळे. कोळीवाड्यातली ही सून आमच्याकडे मासळी घेऊन येते. मांडव्याला जेट्टीवर तिकीट खिडकीत जागा आहे, पण दहावी पास हवी. बाकी विषय सुटलेत, गणित अडलंय. “दादा, तुमी शिकवाल?” मी पोस्टातला माणूस, त्यात कवितावेडा! तरी हो म्हणून बसलो.

१५ जानेवारी
रचनाची सासू सोनूबाई बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, येऊन उभी. आत यायला तयार नाही.

“दादा, मार्चची एकच परीक्षा. नापास झाली तर रोज टोपली डोक्यावर आन् पुस्तक बंद. माजे गुडघे गेले. तिच्या अभ्यासापायी मी किती दिस फिरू?”

खरं आहे तिचं.

२ फेब्रुवारी
वर्गसमीकरणं. पुस्तकातली भाषा रचनाला रुक्ष वाटते, म्हणून वाडीतच नेलं. म्हटलं, जितक्या रांगा, त्याहून दोन जास्त पोफळी प्रत्येक रांगेत. एकूण पस्तीस. रांगा किती? काठीने मातीत मांडलं — क्ष वर्ग अधिक दोन क्ष उणे पस्तीस बरोबर शून्य. अवयव तिनेच पाडले! उत्तरं दोन : पाच आणि उणे सात.

“दादा, ह्या उणे सात रांगा कुठं लावायच्या?”

“सोडून दे!”

“बाजारात पन तसंच. उणे बांगडे कोन घेतंय!”

किती हसलो दोघं! गोदावरी असती तर म्हणाली असती, शिकवताय की खिदळताय?

१९ फेब्रुवारी
रस्त्यावरून रचना चालली होती, डोक्यावर टोपली, तोंडात ‘अ वर्ग, अधिक दोन अ ब’. आमचीच चाल! मी तशीच शिकवली ना! डोळे भरले उगाच.

५ मार्च
आज बीजगणिताचा पेपर. अलिबागहून येताना रिक्षातून उतरून थेट इकडेच आली, फुललेली. प्रश्नपत्रिका चाळली.

“इथे दोन उत्तरं. तू एकच लिहिलंस?”

“दुसरं उणे व्हतं. सोडून दिलं.”

सगळ्याच वर्गसमीकरणांत सोडलं होतं! अगं, इथे रांगा नाहीत, बांगडे नाहीत, नुसता क्ष आहे. नुसत्या क्षला उणे असायला कोणाची हरकत? आणि हे सांगायचं राहिलं कोणाचं — माझं!

ती हळूच, “आईंना सांगू नका.”

१३ मे
निकाल. रचनाचा फोन — “दोन मार्कांनी गेलं, दादा.” ठेवला लगेच.

संध्याकाळी शाळेतलं कवितांचं पुस्तक काढलं. एक ओळ वाचवेना.

१६ मे
तीन दिवस रचना फिरकली नाही. आज दार वाजलं — बघतो तर सोनूबाई! बेडं ओलांडून, पायऱ्या चढून, धापा टाकत, टोपली स्वतःच्या डोक्यावर.

“रचना कुठे?”

“घरात. गनितं करतेय, चुकली तीच. जेव म्हटलं तर म्हनते, थांबा आई, दुसरं उत्तर निघतंय. जुलैत परत परीक्षा हाय म्हनं?”

“आहे.”

“मंग तवर टोपली मी फिरवते. उद्या दुपारी तिला धाडते. आन् दादा — या खेपेला नीट शिकवा!”