पुढची सीट

आबा, गाडी घेतली. नवी, शोरूममधून काढलेली, सीटवरची पन्नी आपल्याच हातानं फाडलेली. तुम्ही असता तर पहिला सवाल हाच केला असता, "किती सीट बसतात रे?" मी पाच म्हटलं असतं की तुम्ही तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारून म्हणाला असता, "पाच? मंग बाकीच्यांनी काय मागं पळत यायचं का?" तुमच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये लातूरहून किल्लारीला पंधरा-सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि कुणाचं तरी दळण एवढं सगळं यायचं. तरी लामजना पाटीवर कुणी हात केला की तुमचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. माझी गाडी छोटीच आहे. डिकीत दोन बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर घ्यावी लागते. रंग पांढरा. आईनंच निवडला, उन्हात कमी तापते म्हणून.

लिहितोय ते कच्छमधून. इथं सोलरच्या मोठ्या कामावर मी पोकलेन चालवतो. चहूकडं सपाट, झाड म्हणून नाही, आणि मी दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून माती उकरतो. खाली कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही, नुसती तोंडं हललेली दिसतात. आज डिझेलचा टँकर आला नाही, म्हणून दुपारपासून मशिनी उभ्या आहेत आणि माझ्याजवळ वेळ आहे. तुम्हाला लिहावं असं याआधी कधी वाटलं नाही. तुम्ही वाचणारे पण नव्हता. स्टँडवरची पाटी सोडली तर तुम्ही काय वाचलेलं मला आठवत नाही.

तुमच्या जीपचा एक कायदा होता, घरचं माणूस शेवटी. मला तो दिवस अजून दिसतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. औशाचा बाजार उरकून आई आणि मी नाक्यावर उभे आहोत, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटतेय. तुमची जीप येते. पुढची सीट रिकामी आहे. आई पिशवी पायात घेते, पदर सावरते, काचेजवळ बसते, मला मांडीवर घेते. तेवढ्यात एक पटकेवाला म्हातारा आणि त्याची बायको येतात. तुम्ही आईकडं बघत पण नाही. "उतर गं, गिऱ्हाईक हाय." आई उतरते. मागं जाऊन बघते तर मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. तुम्ही आरशात बघून म्हणता, "मागल्या गाडीनं या तुम्ही." जीप जाते, धूळ राहते, मी भोकाड पसरतो. आई मात्र हसायला लागते. म्हणते, "आपलीच गाडी हाय बाबा, आपल्याला कोण बसू देतंय!"

मला तुम्ही कधीमधी घ्यायचा ते तुमच्या उजव्या अंगाला, तुम्ही आणि दार यांच्यामधल्या फटीत. तिथं मोठं माणूसही बसवायचा, पण ते आलं नाही तर मी. तुम्ही तिरपे बसून जीप चालवायचा आणि तुमचा उजवा हात माझ्या छातीवरून स्टेअरिंगला गेलेला असायचा. डिझेलचा आणि तंबाखूचा वास. वळण आलं की तो हात मला दाबायचा. त्याहून जास्त तुम्ही मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. तक्रार करत नाही, सांगतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. मामानं जीप विकली, मी शाळा सोडली. पहिल्यांदा जेसीबीवर हेल्पर, मग ऑपरेटर, मग पोकलेन. उमरगा, सोलापूर, पुढं गुजरात. प्रत्येक वेळी गाव थोडं लांब गेलं. सुट्टीला घरी यायचो, पहिले दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पारावर म्हणायचंच, "बापासारखी जीप घे की, लाईन तर तुझीच हाय." मग मी उगाच फाट्यापर्यंत चालत जाऊन यायचो.

पण यंदा पक्कं ठरलं होतं. शाळेतला एक दोस्त लातूरला रिंगरोडवर टायरचं दुकान टाकणार होता, मला पार्टनर घेणार होता. उन्हाळाभर मी आईला फोनवर तेच सांगत होतो, दिवाळीनंतर कायमचा येतो म्हणून. ती रोज विचारायची, दुकान केवढं, वर पत्रा का स्लॅब. स्लॅब म्हटलं की गप्प व्हायची. भूकंप बघितलेलं माणूस. मग मी म्हणायचो, "पत्राच हाय गं," आणि ती म्हणायची, "मंग चांगलंय."

श्रावणात सुट्टीला गेलो तर मामा आधीच येऊन बसलेला. तुमचा मेव्हणा तसाच आहे, बोलायला लागला की चहा गार होतो. म्हणाला, "भाचेबुवा, नायगावकडचं एक स्थळ हाय. पोरगी बारावी शिकलेली. त्यांचा एकच सवाल, दारात चारचाकी हाय का."

"मला मशीन चालवता येती म्हणून सांगा की."

"सांगितलं. ते म्हणतेत, मंग पोरगी काय पोकलेनच्या बादलीत बसून येणार हाय का सासरी?"

मी नाही म्हटलं, आणि जोरात म्हटलं. गाडी घेतली तर हप्ते, हप्ते म्हणजे अजून पाच वर्षं कच्छ, मग दुकान गेलं. मामा पाय आपटत गेला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "स्थळाचं जाऊ दे. मला एकदा पुढं बसायचंय. काचेजवळ. कुणी उतर म्हणू ने असं."

आबा, तिनं आजवर मला काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर म्हणते, कशाला. मी म्हटलं, "आई, मंग मला तिकडंच रहावं लागंल, कळतंय का तुला?" ती जरा वेळ थापतच राहिली, मग म्हणाली, "मंग नगं. राहू दे. मी आपली बोलले." पण बोललेलं परत घेता येतं का? दुसऱ्या दिवशी मी लातूरला जाऊन बुकिंग करून आलो.

मग वाट बघणं. शोरूमवाले म्हणायचे, पांढऱ्याला मागणी लई आहे, दम धरा. मी इथं जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्याच गाडीचे व्हिडिओ बघायचो. बाजूच्या मशीनवरचा बिहारी ऑपरेटर हसायचा, "ऐ लातूर, शादी गाडी से करेगा क्या?" तिकडं आईनं शेळीचा कोठा रिकामा केला, जमीन सारवून घेतली. शेळी लिंबाखाली गेली आणि रात्रभर ओरडून गल्ली जागी ठेवली. आई फोनवर सांगायची, "आज पाटीवर आपल्यासारखी एक बघितली. बाई चालवत होती, बाई!"

दसऱ्याला गाडी मिळाली. शोरूममध्ये जत्रा भरल्यासारखी गर्दी, ज्याच्या त्याच्या हातात आपट्याची पानं. तिथल्या पोरानं आईला "मॅडम, इकडं या" म्हटलं, तर आई मागं वळून मॅडम शोधायला लागली. आधी सह्या. कर्जवाला पोरगा पानं उलटत होता आणि बोट ठेवत होता, इथं, इथं, आणि इथं. मी आपलं नाव एवढ्या वेळा शाळेत पण लिहिलं नसंल. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं. आता पळायचं न्हाई बरं का भाचेबुवा. बांधला गेलास." तो हसला, पोरगा हसला. आई हसली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी पेनकडं.

हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आई पुढं बसली, काचेजवळ. चप्पल काढून हातात घेतली होती, ती मी खाली ठेवायला लावली. पट्टा लावला तर म्हणाली, "बांधून ठेवतात का आत?" मामा मागं ऐसपैस पसरला. मी रोज एवढी मोठी मशीन चालवतो, पण गाडी रस्त्याला लागली आणि माझं अंग आपोआप डावीकडं कललं. आईनं टोकलं, "तिरपा काय बसलास? उजवीकडं भाडं बसायचंय का तुझ्या?" आणि एवढी हसली की डोळ्याला पदर लावला. औसा गेलं. दोन्हीकडं सोयाबीनच्या गंजी. तिनं एसीच्या जाळीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. नाक्याकडं तिनं मान वळवून बघितलं. मला वाटलं, आबा, झालं. एवढ्यासाठीच होतं सगळं.

लामजना पाटीवर गावातली एक म्हातारी उन्हात उभी होती, काठी घेऊन. आई म्हणाली, "थांब." मी थांबलो. थांबायला नको होतं. आईनं पट्ट्याशी झटापट करून तो सोडवला, दार उघडून उतरली, आणि म्हातारीला धरून पुढच्या सीटवर बसवायला लागली.

"आई! अगं ती मागं बसंल की."

"तिचे गुडघे धरलेत रे. तिला वाकता येतंय का मागं?"

"गाडी कुणासाठी घेतली मी?"

"मी काय, घरचीच हाय," ती म्हणाली, आणि मागं मामाच्या शेजारी जाऊन बसली. मामा कुरकुरला, "नव्या गाडीची लगीच काळी-पिवळी केली अक्कानं." म्हातारी किल्लारीपर्यंत काचेजवळ बसून बाहेर बघत आली. उतरताना कमरेची पिशवी सोडून विचारते कशी, "किती झालं लेकरा?" आई मागून म्हणाली, "राहू दे मावशी, आबाचंच पोरगं हाय." मी आरशात बघितलं. आई खूश होती. खरोखरची खूश, औशाला हसली होती तशी. मला मात्र स्टेअरिंगवर डोकं आपटावं वाटलं.

पाहुण्यांचं सांगायचं राहिलं. नायगावचे चौघं आले, कोठ्यात जाऊन गाडी बघितली, एकानं मागची सीट दाबून बघितली, चहा पिले, आणि पोरगी दुसरीकडं नोकरीवाल्याला दिली. मामा म्हणतो, अजून स्थळं हायत. मी चार दिवस आईला फिरवलं, मग कच्छला परत आलो. आता गाडी कोठ्यात झाकून उभी आहे. घरात कुणाला चालवता येत नाही. हप्ता दर महिन्याला माझ्या खात्यातून जातो, आणि मी इथं केबिनमध्ये बसून तोंडं हललेली बघतो.

काल आईचा फोन आला. रोजचं बोलून झालं, शेळी, सोयाबीन, शेजारणीचं भांडण. मग म्हणाली, "तुला एक इचारू का? गाडी इकून टाकता येती का रे?" मी म्हटलं, का. तर म्हणाली, "माझ्यापायी अडकलास तू. माझ्या जिभेला हाड न्हाई. तुझं दुकान गेलं, घर गेलं, त्या एका सीटपायी. मी पुढं बसले काय न् मागं बसले काय. इक आन ये घरी." ती रडत होती. तिला रडताना मी तुमच्या वेळी ऐकलं होतं, त्यानंतर कालच.

मी म्हटलं, "नव्या गाडीचे पैसे येत न्हाईत गं आई. आता रहावंच लागंल." एवढंच म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

आबा, त्या दोस्ताला मी आषाढातच नाही म्हणून सांगितलं होतं. आईनं भाकरी थापताना तोंड उघडलं त्याच्या कितीतरी आधी. त्यानं फोनवर विचारलं, "पक्कं ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दुसरा बघ." का ते मला नीट सांगता येत नाही. रोज संध्याकाळी त्याच पाटीवरून त्याच गल्लीत शिरायचं, आणि जो भेटंल त्यानं आबाचं पोरगं म्हणायचं, या विचारानं लांब पळावंसं वाटलं. श्रावणात मी घरी गेलो होतो ते आईला हेच सांगायला. तेवढ्यात मामा आला, गाडी आली, आणि मला सांगावंच लागलं नाही. शोरूममध्ये तो पोरगा बोट ठेवत होता आणि मी सही करत होतो, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी बांधला गेलो. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

काल ती रडत होती तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उद्या परत तिचा फोन येईल, आणि उद्या पण सांगंन असं वाटत नाही.