रिकामा डबा उपडा घालायचा

आई,

तुझ्या फडताळातले रिकामे डबे नेहमी उपडे असायचे. एकदा मी धुतलेला साखरेचा डबा सरळ ठेवला. पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवून तू डबा उघडलास, तर आत खडखडाट. ते गेल्यावर भडकलीस, "सरळ डबा दिसला की मी धरून चालणार ना, आहे म्हणून! रिकामा तर रिकामा, पण बघणाऱ्याला कळू दे की." एवढ्याशा साखरेसाठी केवढा थयथयाट, असं वाटलं होतं मला.

आता तोक्योत, कोतो भागातल्या ऑफिसात, तोच ओरडा कानात घुमतोय. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कुठल्या मुलाला काय बाधतं ते एका आकड्यात ठेवलंय: अंड्याला एक, दुधाला दोन, शेंगदाण्याला चार. अंडं आणि शेंगदाणे दोन्ही बाधत असतील तर पाच. काम हुशारीचं आहे, खोटं कशाला बोलू. शून्य म्हणजे सगळं चालतं. पण सत्राच्या मध्येच आलेल्या मुलाचं नुसतं नाव घातलं, घरच्यांना अजून काही विचारलेलंच नाही, तरी तिथे शून्यच पडतं. शाळेच्या स्वयंपाकघरात दोन्ही मुलं सारखीच दिसतात आणि दोघांना सगळं वाढलं जातं. 'अजून विचारलेलं नाही' याला वेगळी खूण द्या, एवढंच मी म्हणतेय.

"अगं, स्पेक फायनल झालंय, क्लायंटने अप्रूव्ह केलंय," शेजारी बसणारा पुण्याचा सहकारी म्हणाला. "झिरो म्हणजे झिरो. कशाला डोक्याला ताप करून घेतेस? या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल आहे ना?" आमचे जपानी लीड अदबीने म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की विचार करू. इथे असं म्हटलं की विषय संपला. शेवटची तपासणी माझ्याकडे आहे; उद्या माझी मंजुरी मिळाली की हे सॉफ्टवेअर शाळांकडे जाणार. नाही दिली तर माझं कंत्राट जाईल, मागोमाग व्हिसा. नवऱ्याची नोकरी आधीच गेलीय. लेकीला मराठीत रागावलं तरी ती जपानीत उत्तर देते, तिला उचलून कुठे नेऊ? आणि दिली, तर कुणाचं तरी पोर पहिल्याच दिवशी हौसेने ताट पुढे करेल. मी काय करू गं आई? कुणीच ऐकत नाही माझं.

आज घरी आले आणि चपला काढल्या काढल्या रिकामे डबे उपडे घालत सुटले. लेक दारात उभी. "नानी शितेरु नो?" काय करतेयस म्हणून विचारत होती. म्हटलं, "आजीचं काम." एवढं बोलले आणि माझं मलाच कळलं की उद्या मी मंजुरी देणार नाही. भीती वाटतेय, तरी नाही देणार.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून सांगते. एक डबा मात्र मी सरळच ठेवलाय. तू जायच्या आधी शेवटचा केलेला गोडा मसाला, आम्ही आधी राहायचो त्या ओसाकाच्या घरातून इथे आणलेला. त्यात काही उरलंय का, माहीत नाही. इतक्या वर्षांत मी तो उघडूनच बघितलेला नाही.