भुशाच्या पाइपाला अडकवलेला हूक

मंगळवार, साकोली

आज दुपारी राइस मिलच्या छपरावर सुरक्षा दोराचा हूक अडकवायची नवी कडी लोखंडी तुळईला पक्की बसली. इंजिनिअरने स्वतः तपासून तसं सांगितलं.

सकाळी मात्र देवराव पत्रे बदलायला चढला, तेव्हा कमरेचा पट्टा नवा, दोर नवा आणि हूक भुशाच्या पाइपाला!

"माहा बाप बी इथंच दोर बांधे, साहेब."

"पाइप भुशासाठी हाये, तुह्यासाठी नाही. उतर पहिले," मी खालून ओरडलो.

"माह्या बायकोपेक्षा जास्त भेऊन राहिले तुमी!"

उतरताना त्याने पाइप सहज हलवला. त्याचा गंजलेल्या पट्टीचा आधार निखळून हातात आला. मग देवराव हसला नाही.

मी मिलचा सुपरवायझर, तो पाइप रोज पाहतो. मलाच आधी कसं खटकलं नाही?

उद्या आठला देवराव पुन्हा चढेल. हूक कडीत अडकल्याशिवाय तो पत्र्याला हात लावणार नाही. मी समोर असेन.