सृष्टीला याडी म्हणाले

४ फेब्रुवारी
पोरीनं, सृष्टीनं, बंजारा तांड्यावरच्या दीपकशी लग्न केलं तेव्हा मी गेलो नव्हतो. आता नातू सव्वा वर्षाचा झाला. बायको आशा रोज कटकट करते, जाऊन या म्हणून. ठरवलं. मोठं मन करायचं. भाषेचा प्रॉब्लेम नाही. तांड्यावरचे लोक पहिल्यापासून माझ्याच दुकानातून बी-बियाणं नेतात. त्यांची गोरमाटी म्हणजे मोडकी मराठीच. सगळी कळते.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
जायलाच नको होतं. विहीणबाई पारुबाई नातवाला मांडीवर घेऊन, माझ्या पोरीकडं बोट करून म्हणते, "याडी कत छ? याडी!" सगळे हसले. बी.एस्सी. झालेली पोरगी, तिला तोंडावर वेडी म्हणायचं? वर सृष्टीही हसली. बिचारी घाबरून हसली असणार. उठलो, चार शब्द सुनावले. (आशाला दोनच सांगितले.) दीपक म्हणत होता, "मामा, ऐका तर." ऐकून घेणाऱ्यांतला मी नाही.

६ फेब्रुवारी
शांत राहायचं ठरवलं होतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑडिओ टाकला. पोरीला सासरी वेडी म्हणून हिणवतात, असा. ग्रुपवर तांड्याचेही लोक आहेत. मुद्दामच. अंगठे बरेच आले.

७ फेब्रुवारी
तांड्यावरचा हिरासिंग दुकानात आला. घेतलं काहीच नाही. म्हणाला, "उत्तमराव, आमच्यात याडी म्हणजे आई. 'आई कुठं हाय' म्हणून लेकराला त्याची आई दाखवून राहिली होती पारुबाई." मी विचारलं, शब्द एकच, मग अर्थ दोन काहून? तर म्हणे, "तुमचा शब्द तुमच्या घरचा, आमचा आमच्या घरचा." आयत्या वेळी सुचलेली थाप. रात्री शब्दकोश काढला. मराठीचाच आहे. त्यात माझंच बरोबर निघालं.

९ फेब्रुवारी
ऑडिओ काढायचा ठरवला. नमतं घेऊन नव्हे, उगाच चर्चा नको म्हणून. पण आता डिलीट केला तरी तो फक्त माझ्या मोबाईलवरून जातो, बाकीच्यांच्या नाही.
दुपारी सृष्टीचा फोन. म्हणाली, "बाबा, लेकरू पहिल्यांदा मला याडी म्हणालं तेव्हा मी रडले होते. तुम्ही तोच शब्द शिवी करून गावभर वाटला. सासूबाईंची माफी मागा, नाहीतर येऊ नका." मी म्हटलं, गैरसमज तुझा झालाय. फोन कट. इकडं नेटवर्कची फार तकलीफ.

१२ फेब्रुवारी
आशा सकाळीच एकटी जीपनं तांड्यावर गेली. मागून मीही गेलो. माफी पाठ केली होती. वजनदार जमली होती.
पारुबाईनं ओट्यावर खाट टाकली, पाणी दिलं, पदर सावरून समोर उभी राहिली. मी म्हटलं, "तुमची भाषा जरा अवघडच आहे." ती म्हणाली, "व्हय." पुढचं आठवेना.
सृष्टी आत होती. भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आली नाही. आशाही नाही.
ऊन ओट्यावर आलं तसं दीपकनं मोटरसायकल काढली. "चला मामा, सोडतो." फाट्यापर्यंत सोडलं आणि तिथूनच गाडी वळवली.
जावई स्वतः सोडायला आला. मान ठेवून आहेत अजून.