हुंकार देणारं माणूस

॥ श्री ॥
बुलढाणा, ता. ११-११-१९६३

सौ. शालूवन्संस पुष्पाचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. आबांना दिवाळीपासून आमच्याकडे आणले, पण आमच्या कानांची काय दशा झाली आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल. तुमचे वडील पहाटेपासून बोलतात. त्याचेही काही नाही. पण दर वाक्याला समोरच्याने 'हाव' म्हटले पाहिजे, नाही तर तेच वाक्य पुन्हा. काल मी वरणाला फोडणी देत होते आणि ते ढवळ्या बैलाची हकिगत सांगत होते. फोडणी होईपर्यंत तो बैल कितीदा तरी नदी उतरला.

त्यातच ह्यांच्या कचेरीतले नाझर चहाला आले. ते पुण्याकडचे, नुसते हसत बसले. आबांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून विचारले, की सायेब, आयकून राह्यले ना? ह्यांची मान खाली गेली. बाई, माहेरी असताना तुम्ही हे सोसलेत तरी कसे?

मुलांना आत्याची आठवण येते. लोभ आहे तसाच राहू द्यावा.
पुष्पा

॥ श्री ॥
उंद्री, ता. १८-११-१९६३

ती. सौ. पुष्पावहिनीस शालूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटले. आबा मूळचे खळ्यावर गोष्टी सांगणारे. ज्वारीच्या राखणीला माणसे बसत, तेव्हा हुंकार देणारा एकजण ठरलेला असे. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, मग पुढे जायचे नाही. आबांना ती सवय घरातही जडली. मायने जन्मभर हुंकार दिला. भाकरी थापताना, धुणे पिळताना तिचे 'हाव' चालूच. निम्मे तिच्या ध्यानातही नसेल.

ती गेल्यावर आबा मला म्हणाले, की माहं बोलणं आता कुठी जाऊन पडते, मलेच समजत नाही. वहिनी, एक 'हाव' म्हणायला पदरचे काय जाते? जड वाटत असेल तर त्यांना इकडे पाठवा. आमच्या घरून ना नाही.

भाऊला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.
शालू

॥ श्री ॥
बुलढाणा, ता. ९-१-१९६४

सौ. शालूवन्संस पुष्पाचा सा. न. वि. वि.

मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारी धाडला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. ह्यांनी साफ नाही सांगितले. आणि आता गरजही उरली नाही, कारण मला उपाय सापडला. आबांना कोणीही हुंकार द्यायचा नाही, असे ठरवले. ते बोलले की आपण आपले काम करत राहायचे. मुलांनी तर त्याचा खेळच केला. ज्याच्या तोंडून 'हाव' निघेल, त्याचा गूळ-शेंगदाणा दुसऱ्याला.

सुरुवातीला आबा एकेक वाक्य इतक्यांदा म्हणत, की मुलांना हसू आवरेना. एकदा धाकट्याची बाही धरून रडकुंडीला आले, एक डाव तरी हाव म्हण बाप्पा म्हणून विनवू लागले. पण पठ्ठ्या हलला नाही. आता सगळे एकदाच म्हणतात, तोंडाकडे पाहतात आणि गप्प होतात. परवा नाझर म्हणाले, तुमचे वडील फार शांत आहेत. ह्यांनी खूश होऊन मला खामगावहून लुगडे आणले.

थंडी फार आहे, जपून असा. लोभ वाढता ठेवावा.
पुष्पा

बुलढाणा, ता. २-२-१९६४

सौ. शालूवन्संस,

मातीच्या दिवशी सर्वांदेखत तुम्ही विचारलेत, की आबा असे एकाएकी कसे गेले, आधी काही बोलले कसे नाहीत. तेव्हा रडारडीत सांगता आले नाही. उगाच माझ्याकडे बोट नको, म्हणून लिहिते.

त्या सकाळी मी भाकरी टाकत होते. आबा चुलीपाशी येऊन म्हणाले, की पुष्पा, मले छातीत कळ येऊन राह्यली. एकदाच म्हणाले. मी नेहमीप्रमाणे वर पाहिले नाही. जरा वेळ उभे राहिले आणि जाऊन निजले. जेवायला उठवायला गेले तर सगळे संपले होते. आता तुम्हीच सांगा, खरोखर दुखत असते तर माणूस पुन्हा म्हणाला नसता का?

तेरवीला आधल्या दिवशी या, हाताखाली माणूस नाही. या दुःखात आपसातला लोभ उणा होऊ नये.
पुष्पा

उंद्री, ता. ६-२-१९६४

पुष्पाबाईंस,

पत्र पोचले. तेरवीला येईन, आधल्या दिवशी नाही. आबांच्या नावाने हात जोडीन. भाऊ मोठा आहे, त्याच्या पाया पडीन. तुमच्या घरचे पाणी घेणार नाही.

चार माणसांत तुम्ही मला हाक माराल, बसा म्हणाल, जेवा म्हणाल. मी ओ देणार नाही. तुम्ही पुन्हा हाक माराल, कारण लोक पाहत असतील. तेव्हाही देणार नाही. तुम्हाला तिथे उभे राहून किती लाज वाटते, ते मला पाहायचे आहे. मी इतकी वाईट आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

धाकटा मात्र आत्या म्हणून पळत येईल. त्याला काय करावे, ते माझे अजून ठरत नाही.

लोभाचे लिहीत नाही.
शालू